वॅट वाढवू नका, आधी घड्याळ बघा

माशांच्या टाकीतल्या झाडांबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि माझीच दोन फुटी टाकी डोळ्यांपुढे आली. खालची पानं पिवळी, काचेवर हिरवा थर, आणि प्रश्न काय, तर '३० वॅटचा एलईडी काढून ५० चा लावू का?' नका लावू.

मी लावला होता. दुकानदार म्हणाला, "दादा, झाडं पिवळी म्हणजे लाईट कमी पडतोय," आणि सोसायटीच्या गेटवर असतो तसला ५० वॅटचा फ्लडलाईट माझ्या गळ्यात मारला. साधारण ५,००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), आणि टाकीत पाणी जेमतेम ५५ लिटर. म्हणजे लिटरमागे नव्वद! सीओटू, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड, नसलेल्या टाकीला लिटरमागे १५ ते २५ पुष्कळ झाले. वर तो सकाळी ऑफिसला निघताना लावायचा आणि रात्री जेवणं आटपली की बंद करायचा. तिसऱ्या आठवड्यात अॅनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवर केसांसारखं शेवाळ. टूथब्रशला गुंडाळून पीळ दिला की अख्खा झुबका बाहेर. परत त्याच दुकानात गेलो, तर शेवाळाचं औषध मिळालं. त्यात तांबं आहे हे बाटलीवर लिहिलेलं, मी वाचलं नाही. तांबं म्हणजे श्रिम्पना (छोट्या कोळंब्यांना) विष. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा श्रिम्प तळाशी, उकडल्यासारखे गुलाबी. दुकानदार म्हणे, तुमचं पाणीच खराब असेल. असो.

उजेड वाढला की झाडांची भूकही वाढते. कार्बन आणि खत त्या मानाने मिळालं नाही तर झाडं थांबतात, शेवाळ थांबत नाही. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नायट्रोजन कमी आहे. दिव्याचा दोष नाही. तुमचा ३० वॅटचाच माझ्या मते जास्त आहे. फूटभर वर टांगा आणि रोज सहाच तास ठेवा. महिनाभर फक्त नवी पानं बघा, जुनी सुधारत नाहीत. जांभळ्या 'ग्रो लाईट'वर पैसे घालवू नका, ६५०० केल्विनचा (दिव्याच्या रंगछटेचा आकडा, खोक्यावर असतो) साधा पांढरा चालतो.

मी तज्ज्ञ नाही, आणि माझ्याकडे अॅनुबियास, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया अशी सोशिक मंडळीच आहेत. तुम्ही सीओटू सोडत असाल किंवा लाल झाडं लावली असतील तर हा हिशेब लागू नाही.

आणि टायमर घ्याच, पण बॅटरी बॅकअपवाला डिजिटल. तबकडीचा स्वस्त टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. आमच्याकडे दर गुरुवारी वीज जाते. महिन्याभरात माझी टाकी रात्री दोन वाजता लख्ख पेटलेली होती.