यामाहा आर१५ व्ही३ मोटरसायकल (२०२०, बीएस६) विकून व्ही४ घेणं परवडेल का? वापर नागपुरातच, रोज ऑफिसला जाणं-येणं.

नाही, तुमची व्ही३ धडधाकट असेल तर फक्त रोजच्या वापरासाठी बदलू नका. कागदावरचे आकडे बघा: इंजिन तेच १५५ सीसी व्हीव्हीएचं (आरपीएमनुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं), वजन दोन्हींचं १४२ किलो, टाकी ११ लिटर. ताकद तर १८.६ पीएसवरून १८.४ वर आली आहे. टॉर्क (इंजिनची ओढ) मात्र ८,५०० ऐवजी ७,५०० आरपीएमलाच पूर्ण मिळतो. खरी सुधारणा पुढच्या यूएसडी फोर्क्समध्ये (उलटे बसवलेले शॉकअब्सॉर्बर) आणि ट्रॅक्शन कंट्रोलमध्ये (मागचं चाक घसरू लागलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) आहे. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय) फक्त गिअर वर टाकताना चालतो, खाली आणताना क्लच दाबावाच लागतो.

त्यापेक्षा व्ही३ वर हे खर्च करा:

- टायरच्या कडेवरचे चार अंक वाचा. २३२० म्हणजे २०२० चा २३वा आठवडा. इतके जुने टायर खाचा उरल्या असल्या तरी कडक होतात, पावसात सिमेंट रोडवर घसरतात. दोन्ही बदला.
- रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल हलक्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशरनं पत्र्या वाकतात आणि मे महिन्याच्या उन्हात पंखा सतत फिरत राहतो. कूलंट इंजिन गार असतानाच तपासा.
- पुढचं फोर्क ऑइल आणि सील बदलून घ्या.

हो, पावसाळ्यात वर्धा किंवा अमरावती रोडनं नेहमी लांब जात असाल तर ट्रॅक्शन कंट्रोलसाठी व्ही४ घेण्यात अर्थ आहे. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तो हिशेब धरू नका.