मुलासोबत घरानेही राहायचे

प्रश्न : माझा मुलगा १० वर्षांचा आहे. मनाविरुद्ध काही घडले की तो वस्तू फेकतो, धाकट्या बहिणीला मारतो. शाळेतून दोनदा बोलावणे आले. नातेवाईक म्हणतात, वसतिगृहात ठेवा, शिस्त लागेल. मनोविकारतज्ज्ञांनी मात्र काही आठवडे पालकांसह दाखल होण्याचे सुचवले आहे. यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करतात, घरी सासूबाई असतात. आम्ही दवाखान्यात कशासाठी राहायचे? दोष आमचा आहे का? — एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो बरेच दिवस मनात सलत असावा. आजारी मुलाजवळ आई बसते तेव्हा तिला कोणी दोषी समजत नाही. इथेही तसेच समजावे.

मूल ओरडते, आई नकार देते, ओरडणे वाढते आणि रात्रपाळी करून आलेले वडील झोपले आहेत म्हणून आई शेवटी मोबाइल हातात देते. ओरडले की मिळते हे मूल शिकते आणि दिले की घर शांत होते हे आई शिकते. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही साखळी बारकाईने मांडली. आठवड्यातून एकदा बाह्यरुग्ण विभागात तुम्ही ती फक्त सांगू शकता. एकत्र राहिल्यावर मात्र जेवताना, अभ्यासाला बसताना, झोपायच्या वेळी ती उपचार करणाऱ्यांसमोर घडते आणि त्याच क्षणी वेगळे कसे वागावे हे तुमच्याकडून करवून घेता येते. शिवाय रागामागे वाचनातील अडचण, अतिचंचलता किंवा उदासी आहे का, हेही निवांतपणे तपासले जाते.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी आवारात तंबू उभारले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तर १८ वर्षांखालील मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे आणि पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ त्याच्याजवळ राहणे बंधनकारक आहे.

वसतिगृह हा उपचार नव्हे. तिथे धाकाने मूल गप्प झाले, तरी दिवाळीच्या सुट्टीत ते त्याच घरी, त्याच साखळीत परत येते.

अर्थात, प्रत्येक मुलाला दाखल करावे लागत नाही. बाह्यरुग्ण उपचार पुरेसे का ठरणार नाहीत, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. यजमानांची रजा आणि घरी परतल्यावरचा पाठपुरावा आधीच ठरवून घ्या. सासूबाईंनाही निदान काही सत्रांना न्यावे. आईने नाही म्हटलेले आजी देत राहिली, तर शिकलेले सारे आठवडाभरात पुसले जाईल. तोवर मोफत सल्ल्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

धाकट्या मुलीविषयी पत्रात दोनच शब्द आहेत, मारतो म्हणून. मार खाऊन ती कुठे जाते, कोणाला सांगते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि शक्य असेल तर तिलाही सोबत न्या.