किती दिवस मान खाली घालायची?

दारू सोडून सहा-आठ महिने झालेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. "सोडली ना मी? मग अजून किती दिवस मान खाली घालून राहायचं?" पहिल्या महिन्यात तो कोणी विचारत नाही. तेव्हा झोप उडालेली असते, हात थरथरत असतात, मदत घेण्यावाचून गत्यंतर नसतं. तब्येत सुधारते आणि तिच्यामागोमाग ताठाही परत येतो.

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एका गृहस्थांचं उदाहरण घेते, ओळख पटणार नाही इतका बदल करून. हाताखाली माणसं असलेले, कामात चोख, सात महिने कोरडे. डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केलेलं, म्हणजे ज्याच्यावर दारू घेतली तर त्रास होतो ते औषध. गोळी गालात दाबून नंतर थुंकता येते, म्हणून पत्नीने ती रोज सकाळी पाण्यात विरघळवून द्यायची आणि यांनी तिच्यासमोर प्यायची, असं दोघांच्या संमतीने ठरलेलं.

नम्र व्हायला हवं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यामुळे पहिल्या तीन बैठका स्वतःला शिव्या देण्यात गेल्या. वहीतही पानोपानी तेच: मी नालायक आहे.

"नालायक हे लेबल झालं," मी म्हटलं. "काल काय केलंत?"

"मुलीला सातला येतो म्हणालो. साडेआठला पोचलो. फोनही केला नाही."

"हे लिहा. याच्यावर उद्या काहीतरी करता येईल. नालायकपणावर काय करणार?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीकडे माझा कल आहे, हे इथे लपणार नाही. कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत, हे त्या पद्धतीतलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं सूत्र. दिवसभर स्वतःला शून्य गुण देणारा माणूस संध्याकाळी घरच्यांकडे थकबाकी मागतो. "एवढा वाकलो, आता तरी विश्वास ठेवा!" आणि विश्वास मिळाला नाही, की "मग काय उपयोग सोडून?" हे वाक्य येतं. माझ्या कानाला ते पिण्याच्या पहिल्या पावलासारखं ऐकू येतं.

चौथ्या बैठकीत ते भडकूनच आले.

"मॅडम, मी काय कैदी आहे? ग्लास घेऊन समोर उभी राहते. 'घेताय ना?' रोज तेच."

"गोळी कोणाची?"

"माझी."

"आठवण कोण करतं?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"उद्यापासून त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही हाक मारायची. 'ये गं, गोळी घेतोय.' एवढंच. पंधरा दिवस."

पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा आवाज खाली होता. पहिले चार दिवस जिभेवर शब्द येईनात. नवव्या दिवशी पत्नीच म्हणाली, "राहू दे, घ्या तुम्ही. मी कामात आहे." सात महिने ते ज्या वाक्याची वाट पाहत होते, तेच हे वाक्य. आणि यांनी उत्तर दिलं, "नको, दोन मिनिटं थांब. तू बघितलेलं बरं."

तोच ग्लास, तीच गोळी, तीच बाई समोर. तिने विचारलं की पहारा होतो. यांनी हाक मारली की आधार. इतक्या वर्षांत मला नम्रतेची याहून सोपी खूण सापडलेली नाही: पाऊल आधी कोण टाकतं ते पाहा. त्यांनी मान खाली घातली नव्हती, पुढाकार घेतला होता. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा म्हणून १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये नम्रतेचा उल्लेख सातवीत येतो; रोजच्या वापराला मात्र मी दहावी आधी देते. स्वतःची झडती घेत राहायची आणि चूक दिसली की लगेच कबूल करायची. त्यातला 'लगेच' महत्त्वाचा. पकडलं गेल्यावर दिलेली कबुली घरच्यांच्या हिशेबात धरली जात नाही.

मग बाकीचं सोपं झालं. उशीर होणार असेल तर ठरलेली वेळ टळायच्या आधी फोन. गटाच्या सभेला दहा मिनिटं आधी जाऊन खुर्च्या लावायच्या आणि बोलताना त्याचा उल्लेख करायचा नाही. ("बाकीचे माझ्यापेक्षा वाया गेलेले आहेत" असं वाटायला लागलं, त्या आठवड्यात सभा चुकवू नये.) रात्री वहीत तीन ओळी: आज कुठे चुकलो, कोणाला सांगितलं, कोणाची मदत मागितली. तिसरी ओळ जवळजवळ सगळ्यांची रिकामी राहते. मी वही उघडली की आधी तीच बघते.

माफी मागण्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. रात्री उशिरा, रडत, सगळ्या आयुष्याची एकदम मागितलेली माफी पिण्याच्या दिवसांतही घरच्यांनी ऐकलेली असते. एका वेळी एकच घटना घ्या. काय केलं, त्याने समोरच्याचं काय झालं, आता काय करणार, आणि मग गप्प. 'पण' आला की माफी संपली. "माफ केलंस ना?" विचारू नका; ते परत मागणंच आहे. सांगितल्याने तिसऱ्या कोणाला इजा होणार असेल, तर आधी समुपदेशकाशी बोला.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. गोळीच्या वेळी जुनी भांडणं काढू नका. नम्रता म्हणजे मुकाट टोमणे खाणं नव्हे. आणि डायसल्फिराम नकळत जेवणात मिसळून देऊ नका. ते पोटात असताना दारू गेली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड होते, जिवावरही बेतू शकतं; गोळी थांबवल्यानंतरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. यकृत आणि हृदयाची तपासणी करून डॉक्टरांनीच ते सुरू करायचं असतं. रोज भरपूर पिणाऱ्याने "मी माझ्या जोरावर सोडतो" म्हणून एकदम थांबणं हाही ताठाच, आणि घातक. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवेत.

ते गृहस्थ अजून महिन्यातून एकदा येतात. मागच्या खेपेला वही नेहमीप्रमाणे तिसऱ्या ओळीवर उघडली. लिहिलं होतं: "संध्याकाळी फार तल्लफ आली. गटातल्या एकाला फोन केला, उचलला नाही. दुसऱ्याला केला."