रुग्णवाहिकेतल्या अँबू बॅगसाठी (श्वास थांबलेल्याला मास्कमधून हवा द्यायची, हाताने दाबायची पिशवी) मोठ्या माणसांचा मास्क कोणत्या नंबरचा घ्यावा? सध्या काळा रबरी आहे.

४ आणि ५ दोन्ही ठेवा. एकच घ्यायचा तर ४, आणि पारदर्शक. नंबर वयावरून नाही, चेहऱ्यावरून ठरतो: वरची कड नाकाच्या दांड्यावर, खालची ओठाखाली हनुवटीच्या खळीत. डोळ्यांवर चढला किंवा हनुवटीखाली उतरला तर तो मोठा. मग गालापाशी हवा फुसफुसत निघून जाते आणि बॅग कितीही दाबा, छाती वर येत नाही. काळ्या रबरातून उलटी दिसत नाही, ओठांचा रंगही नाही; तो बाद करा. फुगीर कडेत सिरिंजने हवा भरताना बोटाने सहज दबेल इतकीच भरा. टणक कड चेहऱ्यावर बसत नाही, आणि बरेचदा गळती तिथूनच होते. मोठ्यांच्या मास्कचं बॅगला जोडायचं तोंड २२ मिमीचं असतं, नवजात बाळांच्या छोट्या गोल मास्कचं १५. बॅगला लावून बघूनच विकत घ्या. दाढी दाट असेल तर मात्र योग्य नंबरही गळतो. तिथे एकाने दोन्ही हातांनी मास्क धरून जबडा वर उचलावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. कवळी घट्ट बसलेली असेल तर काढू नका, गाल आत जातात.