स्पर्धेसाठी कमी झटका देणारी पिस्तुलाची काडतुसं कशी निवडावीत?

तुम्ही कोणत्या प्रकारात उतरता हे प्रश्नात नाही. "घाईच्या फेरीत दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपर्यंत साइट वेळेत खाली येत नाही, हलकी काडतुसं घेऊ का?" एवढंच विचारलंय (साइट म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण). उत्तर मात्र प्रकारावरच ठरतं, म्हणून आधी पॉइंट २२ (०.२२ इंच व्यासाच्या बारीक काडतुसां) बद्दल लिहितो आणि मग ९ एमएमबद्दल.

झटका कशातून येतो ते एकदा बघून घ्या, म्हणजे डब्यावरच्या जाहिरातीला भुलायला होत नाही. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, एवढा संवेग उलट्या दिशेने पिस्तुलाला मिळतो. त्यात जळलेल्या दारूच्या वायूंची भर पडते. हे वायू वजनाने थोडेच असतात, पण नळीच्या तोंडातून गोळीपेक्षा जास्त वेगाने सुटतात. म्हणजे काडतुसाकडून झटका कमी करायचे मार्ग तीनच: हलकी गोळी, कमी वेग किंवा कमी दारू. बाकीचं काम पिस्तुलाचं वजन आणि तुमची पकड करते.

पॉइंट २२ एलआरमध्ये (लाँग रायफल, पॉइंट २२ चं नेहमीचं काडतूस) निवड सोपी आहे, कारण गोळी बहुतेक वेळा ४० ग्रेनचीच असते (ग्रेन हे वजनाचं लहान माप). फरक फक्त वेगाचा. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस साधारण १०७० फूट प्रति सेकंदाचं असतं, हाय व्हेलॉसिटी १२३५च्या आसपास. वायूंचा हिशोब बाजूला ठेवला तरी दुसऱ्यात पिस्तुलाला मिळणारी झटक्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. त्याच्या बदल्यात पंचवीस मीटरवर हाती काहीच लागत नाही. कागदाला भोक पाडायला वेगाची गरज नसते. शिवाय टार्गेट पिस्तुलांची स्लाइड (प्रत्येक गोळीला मागे-पुढे सरकणारा भाग) आणि स्प्रिंग बहुधा स्टँडर्ड काडतूस धरूनच जुळवलेली असते, त्यामुळे हाय व्हेलॉसिटीने ती उगाच आपटत राहते. ही काडतुसं डोक्यातून काढून टाका. एली, एसके, लापुआ, आरडब्ल्यूएस यांची पिस्तुलासाठी म्हणून वेगळी मॅच काडतुसं मिळतात, शोध तिथून सुरू करा. डब्यावर छापलेला वेग मात्र बरेचदा रायफलच्या लांब नळीतून मोजलेला असतो. तुमच्या पाच-सहा इंची नळीतून तो कमीच भरेल, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात प्रत्येक गोळीला ३ सेकंद मिळतात आणि मध्ये ७ सेकंद हात खाली असतो. तिथे साइट परत यायला वेळ पुरत नाही असं होतच नाही. त्यामुळे तुमचा प्रकार २५ मीटर रॅपिड फायर असावा, जिथे पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत टाकायच्या असतात, नाहीतर स्टँडर्ड पिस्तूलची १० सेकंदांची फेरी. रॅपिड फायरमध्ये हलक्या काडतुसाचा फायदा खरोखर दिसतो, आणि त्याचं कारण लक्ष्यातच आहे. रॅपिडच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं, प्रिसिजनच्या लक्ष्यावर ५० मिलिमीटरचं. शंभर मिलिमीटरसाठी जगातलं सर्वांत अचूक काडतूस लागत नाही, साइट लवकर जागेवर यावी लागते. २००५ च्या नियमबदलाआधी हा प्रकार पॉइंट २२ शॉर्टने (एलआरहून आखूड काडतुसाने) खेळला जायचा आणि ते काडतूस फारच मऊ होतं. एलआर आल्यावर झटका हा पुन्हा विचार करण्याचा विषय झाला. स्टँडर्ड पिस्तूलमध्ये मात्र १० सेकंदांची फेरीसुद्धा लहान दहाच्या लक्ष्यावरच असते, म्हणून तिथे अचूकता सोडून मऊपणामागे धावू नका.

पण खाली किती जायचं? माझं स्पष्ट मत: तुमच्या पिस्तुलात घाण साचलेली असताना आणि थंडीतसुद्धा न अडकता चालणारं सर्वांत मऊ काडतूस घ्या, त्याखाली एक पायरीही नाही. काडतूस फारच मऊ असेल तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामी पुंगळी दारातच अडकते आणि चार सेकंदांची फेरी तिथेच संपते. थंडीत गोळीवरचं मेणासारखं वंगणही घट्ट होतं, म्हणून दुपारच्या उन्हात झालेल्या चाचणीवर फार विसंबू नका. हळू गोळी नळीत किंचित जास्त वेळ असते, हेही विसरू नका. ट्रिगर दाबल्यावर हात लगेच ढिला सोडायची सवय असेल तर तिची शिक्षा वाढते.

सेंटर फायरबद्दल (पॉइंट २२ हून मोठ्या काडतुसांचा प्रकार) फार लिहीत नाही. आयएसएसएफमध्ये (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत) ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरची कॅलिबर (नळीचे व्यास) चालतात आणि बहुतेक जण पॉइंट ३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर वापरतात. तिची सपाट तोंडाची गोळी हळू जाते, झटका थोडा देते आणि कागदात स्वच्छ गोल भोक पाडते. तिथे शोधाशोध करायची गरज नाही.

९ एमएम आणि आयपीएससीचं (वेग आणि अचूकता दोन्ही बघणाऱ्या प्रॅक्टिकल नेमबाजीचं) गणित वेगळं, कारण तिथे झटक्याला नियमानेच तळ घातलेला आहे. ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले १०००, हा पॉवर फॅक्टर. मायनरसाठी (कमी ताकदीच्या काडतुसांच्या वर्गासाठी) तो किमान १२५ हवा. सामन्यात क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) त्याहून कमी भरला तर तुम्ही खेळू शकता, पण गुण मिळत नाहीत. म्हणून थोडी जागा ठेवून १२९-१३० धरतात. ११५ ग्रेनची गोळी ११२५ने, १२४ची १०४५ने, १४७ची ८८०ने, तिघींचा आकडा जवळजवळ सारखाच. तरी १४७ हाताला मऊ लागते, कारण तिला तेवढ्या आकड्यासाठी कमी दारू पुरते आणि वायूंचा वाटा घटतो. दुकानातली साधी ९ एमएम काडतुसं बहुतेक या आकड्याच्या बरीच वर असतात, त्यामुळे नुसता डबा बदलूनही फरक कळतो. मात्र १४७ने स्लाइड संथ चालल्यासारखी वाटते आणि काहींना ते अजिबात आवडत नाही. त्यांनी १२४वर थांबावं.

स्वतः काडतुसं भरत असाल तर छापील कोष्टकातल्या किमान मापाच्या खाली जाऊ नका. दारू कमी पडून गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी सुटली तर नळी फुटू शकते, हाताला आणि डोळ्यालाही इजा होऊ शकते.

निवड करताना हाताला काय वाटतं यावर जाऊ नका, हात फसवतो. मित्राला दोन-तीन प्रकारांची मॅगझिन भरायला सांगा आणि कशात काय आहे ते शेवटपर्यंत विचारू नका. प्रत्यक्ष फेरीची वेळ लावून मारा आणि कागद बघा. गोळ्या उभ्या रेषेत वर चढत गेल्या असतील तर साइट परत यायच्या आधीच ट्रिगर दाबला जातोय. त्या काडतुसाचा क्रमांक मागे टाका. पॉइंट २२ मध्ये प्रकार बदलताना पहिल्या काही गोळ्या मोजू नका, नळीत आधीचं वंगण असतं.

आवडलेल्या काडतुसाचा लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक) लिहून ठेवा आणि मोसमाला पुरतील एवढी त्याच लॉटची घ्या. मग साइट नव्याने लावा: हळू आणि जड गोळी पिस्तुलातून सहसा वर लागते, कारण ती बाहेर पडेपर्यंत नळीचं तोंड थोडं अधिक उचललं गेलेलं असतं. साइट किती क्लिक (स्क्रूचे टप्पे) फिरवायची ते सामन्याच्या सकाळी नाही, सरावातच मोजून ठेवा.