कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर लावल्यापासून माझी पल्सर 180 सिग्नलला बंद का पडते?

तुम्ही लिहिलंय की मूळ डब्याऐवजी उघडा कोन फिल्टर आणि कमी अडथळ्याचा फ्री-फ्लो सायलेन्सर लावल्यापासून गाडी हायवेला झकास पळते, पण सिग्नलला रेस सोडली की बंद पडते, आणि चोक अर्धा ओढून ठेवला तर चालू राहते. निदान त्या चोकमध्येच आहे. चोक ओढल्यावर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्याने गाडी टिकत असेल तर आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय.

तुमच्या मेकॅनिकने मात्र दोनदा मेन जेट (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) मोठा केला. मेन जेटचं खरं काम ॲक्सलेटर जवळजवळ पूर्ण पिळल्यावर. उभ्या गाडीला पेट्रोल पायलट जेट पुरवतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे मी शहाणपणाने नाही, अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे जुनी कार्बोरेटरवाली 150 होती. एका शनिवारी पुण्याच्या नाना पेठेतून सामान आणलं आणि रविवारी सायलेन्सर, फिल्टर, जेट सगळं एकदम बसवलं. सोमवारी नळ स्टॉपला गाडी बंद, मागे पीएमपी बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून. मग मी स्लो (आयडलिंगचा वेग) वाढवत गेलो. शेवटी गाडी उभ्या उभ्या अडीच हजार आरपीएमवर घोंगावायची आणि रेस सोडली तरी लवकर खाली यायची नाही.

कारण सापडलं ते इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीमुळे. गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारला. मारताक्षणी इंजिनचा आवाज बदलला, पाणी वाळल्यावर परत पहिल्यासारखा. रबराच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, नखाएवढी चीर होती. फिल्टरचा डबा काढताना स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं होतं ना, त्याचा प्रसाद. (यूट्यूबवर लोक कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, पाणीच बरं.)

तेव्हा आधी ते रबर आणि त्याची क्लॅम्प तपासा. ते ठीक असेल तर आयडलिंगचं मिश्रण ठरवणाऱ्या मिक्स्चर स्क्रूकडे वळा. तो हलक्या हाताने आत नेताना किती आटे भरतात ते मोजून लिहून ठेवा. तळाला जोर लावू नका, टोक सुईसारखं असतं. मग तितकेच आटे परत बाहेर घ्या. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते. इथे निम्मे लोक उलटं फिरवतात. गाडी पूर्ण तापवून पाव-पाव आटा फिरवत जा. इंजिनच्या बाजूचा स्क्रू तीन आट्यांच्या पुढे बाहेर काढावा लागत असेल तर पायलट जेट एक नंबर वरचा घ्या. मेन जेट तोवर मूळ नंबरचा लावा, नाहीतर कुठल्या बदलाने काय झालं ते कळणारच नाही.

एवढं करूनही फक्त गरम झाल्यावरच बंद पडत राहिली तर टप्पेट (व्हॉल्व्हची फट) बघा, थंड इंजिनवर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने). टप्पेट घट्ट असले की तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) जातं. रेस सोडताना सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील तर बेंडचं (इंजिनमधून निघणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपचं) गॅस्केटही बदला.

आता माझं मत, विचारलं नसलं तरी. तुमचा कार्बोरेटर व्हॅक्यूमवर (इंजिनच्या हवा ओढण्यावर) चालणारा आहे, त्याला फिल्टरच्या डब्यातली शांत हवा लागते. उघडा कोन लावून 180 मध्ये आवाज वाढतो, ताकद जाणवेल इतकी वाढत नाही, आणि ताम्हिणी घाटातल्या एका पावसात तो भिजला की गाडी ढकलत न्यायची. सायलेन्सरचं तुमचं तुम्ही आणि चौकातले पोलीस बघून घ्या. जुना डबा माळ्यावर असेलच, येत्या रविवारी तो खाली काढा आणि पहिली चाचणी तो बसवूनच घ्या. मिक्स्चर स्क्रू किती आट्यांवर होता ते इथे लिहा, पुढचं सांगतो.