वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला घेऊन कोकणात, आणि खाऱ्या पाण्यात पडलेला फोन

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाची लॅब्रेडॉर कुत्री आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस तिला घेऊन ताम्हिणी घाटमार्गे दापोलीला आणि तिथून वेळासला कासवांची पिल्ले पाहायला जाण्याचा आमचा बेत आहे. मात्र शहरातल्या दहा-पंधरा मिनिटांच्या प्रवासातही तिला लाळ सुटते आणि बहुतेक वेळा उलटी होते. तिला ठेवून जावे असे घरी कोणी नाही. घाटाचा रस्ता तिला झेपेल का? निघताना आपली उलटीची गोळी तिला दिली तर चालेल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : झेपेल, परंतु त्याची तयारी तुम्हाला आजपासूनच सुरू करावी लागेल. पिल्लांच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्ण वाढलेली नसल्यामुळे त्यांना गाडी लागते आणि वर्षभरात बहुतेकांची ही तक्रार आपोआप कमी होते. दीड वर्षानंतरही ती टिकून असेल, तर त्यात भीतीचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. आजवर ती गाडीत बसून कुठे कुठे गेली, हे आठवून पाहा. बहुतेक घरांतील कुत्र्यांच्या लेखी गाडी म्हणजे डॉक्टर आणि इंजेक्शन एवढेच असते, त्यामुळे इंजिन सुरू होण्याआधीच ती जांभया देऊ लागतात, ओठ चाटू लागतात आणि लाळ गाळू लागतात. पहिला आठवडा गाडी जागेवर बंद ठेवूनच तिला आत बसवा आणि तिचा आवडता खाऊ तिथेच द्या. पुढे नुसते इंजिन सुरू करा, मग सोसायटीला एक चक्कर मारा, मग एखाद्या टेकडीपर्यंत जा, आणि तिथे उतरल्यावर तिला मनसोक्त हुंदडू द्या. गाडीच्या शेवटी आनंदाची जागा येते हे तिला पटले, की लाळ कमी झालेली तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

माणसांसाठीची गोळी मात्र आपल्या मनाने मुळीच देऊ नये. कुत्र्यांची उलटी थांबवणारे वेगळे औषध पशुवैद्यकांकडे मिळते आणि त्याचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर आधी त्यांना भेटा. त्याच भेटीत रेबीजच्या आणि इतर लसींची नोंदवही तपासून घ्या आणि ती प्रवासात जवळ ठेवा. प्रवासाच्या औषधपेटीतील पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन या गोळ्याही कुत्र्यांना घातक ठरू शकतात, तेव्हा पेटी तिचे तोंड पोहोचणार नाही अशा ठिकाणी असावी.

निघण्याच्या किमान चार-पाच तास आधी तिचे खाणे झालेले असावे आणि वाटेत पाणी थोडे थोडे द्यावे. तिला मागच्या सीटवर छातीच्या पट्ट्याने, म्हणजे हार्नेसने, सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवले, तर जोराचा ब्रेक लागताच सगळा हिसका मानेला बसतो. खिडकीबाहेर डोके काढून वारा खाणारा कुत्रा पाहायला गोड वाटतो, पण डोळ्यात खडा जायला क्षण पुरतो. मुळशी सोडून घाटात शिरण्यापूर्वी एकदा थांबा, घाट उतरल्यावर माणगावात पुन्हा थांबा, आणि पुढे आंबेत-मंडणगडच्या वळणांवरही गाडी सावकाश चालवा. वळण येणार हे आपल्याला आधी दिसत असते, पण मागे बसलेल्या जनावराला त्याची काहीच कल्पना नसते. प्रत्येक थांब्यावर आधी पट्टा आणि मगच दार, हा नियम घरातल्या लहान मुलांसकट सगळ्यांना सांगून ठेवा. अनोळखी ठिकाणी दार उघडताच उडी मारून पळालेले कुत्रे शोधणे फार कठीण जाते, म्हणून तुमचा फोन क्रमांक कोरलेला बिल्ला तिच्या गळ्यात असलाच पाहिजे.

एक गोष्ट मी स्वतः भोगलेली आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात महामार्गावरच्या एका खानावळीपाशी आम्ही गाडी झाडाखाली लावली, चारही काचा दोन बोटे खाली ठेवल्या, आणि आमच्या मोत्याला आत ठेवून जेवायला गेलो. थंडीचे दिवस, वर सावली, त्यामुळे मनात शंकाही आली नाही. जेवण होईपर्यंत सावली सरकली होती. परत आलो तेव्हा तो मागच्या सीटच्या पायथ्याशी आडवा पडला होता, जीभ गडद लाल झाली होती आणि हाक मारल्यावर त्याने नुसते शेपटीचे टोक हलवले. खानावळीतल्या मुलाने धावत जाऊन पाण्याची नळी आणली. आम्ही त्याच्या अंगावर, पोटावर आणि पायांवर पाणी सोडत राहिलो, ताटलीने वारा घातला, आणि तो उभा राहिल्यावर तसेच पशुवैद्यकांकडे गेलो. तो वाचला. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असले तर उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ते साधारण १० अंशांनी चढते आणि अर्ध्या तासात ५० च्या जवळ जाते. काचा थोड्या उघड्या ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून हवेवाटे उष्णता बाहेर टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय असतो, आणि आतली हवाच तापली की तोही संपतो. म्हणून जेवायला पाळीपाळीने जा. पाच मिनिटांसाठीसुद्धा तिला गाडीत एकटी ठेवू नका.

आता वेळासबद्दल. तिथे वाळूत अंडी घालणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची आहेत आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. गावकरी आणि कार्यकर्ते घरट्यांतली अंडी काढून जाळीच्या कुंपणात पुरतात, त्यामागचे एक कारणच असे की कुत्री आणि कोल्हे घरटी उकरून अंडी खातात. तुमची कुत्री कितीही शहाणी असली, तरी जमिनीतला वास आला की उकरणे हा तिचा स्वभावच आहे. पिल्ले समुद्रात सोडण्याच्या वेळी तिला किनाऱ्यावर मुळीच नेऊ नये. कुटुंबाचे दोन गट करा, एकाने सकाळी जावे आणि दुसऱ्याने संध्याकाळी. घरगुती निवासात कुत्रे चालते का, हेही आरक्षण करतानाच स्पष्ट विचारून घ्या, कारण अनेक घरांत मांजरे, कोंबड्या आणि गुरे असतात.

दापोलीच्या बाजूच्या किनाऱ्यांवर ती पाण्यात खेळली, तर गोडे पाणी सोबत ठेवा आणि मध्ये मध्ये पाजा. तहानेने समुद्राचे पाणी प्यायली तर उलट्या-जुलाब ठरलेले. खेळून झाल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा, लोंबणारे कान आतून कोरडे पुसा, आणि रात्री बोटांच्या बेचक्यात, कानामागे आणि काखेत गोचीड चाचपून पाहा.

प्रश्न : हर्णैजवळ आमच्या कुत्र्याने लाटेत उडी घेतली, त्याला धरताना माझा फोन समुद्रात पडला. फोन पाणी न शिरणाऱ्या प्रकारचा आहे असे घेताना सांगितले होते. लगेच बाहेर काढून दोन दिवस तांदळात पुरून ठेवला, नंतर तो व्यवस्थित सुरू झाला. आता तीन आठवड्यांनी चार्जिंग कधी होते, कधी होत नाही, आणि समोरच्याला माझा आवाज ऐकू जात नाही. हे आता का झाले? – एक वाचक, सातारा

उत्तर : कारण पाणी वाळले, पण मीठ आतच राहिले. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. फोनमध्ये शिरलेले थेंब सुकले की हे क्षार जोडण्यांवर बसतात, हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि फोन सुरू असताना त्यांतून बारीक प्रवाह वाहत राहून तांबे हळूहळू खाल्ले जाते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते जसे कळंकते, तसेच तुमच्या फोनच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट कळंक धरत असणार. सुरुवातीला जोडणी टिकून होती म्हणून फोन चालला. चार्जिंगचे तोंड आणि माइक दोन्ही खालच्या कडेला असतात, तेव्हा पाणी बहुधा तिथूनच शिरले आहे.

तांदळाचा यात काहीही उपयोग झालेला नाही. घरातल्या साठवणीच्या तांदळात मुळातच १२ ते १४ टक्के ओलावा असतो, आणि बंद फोनच्या आतून पाणी ओढून घेण्याची ताकद त्याच्यात नाही. उलट त्याची पिठी चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. दोन दिवस सुकवण्यात गेले हेच खरे नुकसान, कारण खाऱ्या पाण्यात पडलेल्या वस्तूला सुकवण्याआधी धुवावे लागते. फोनच्या पाणीरोधक दर्जाची चाचणी प्रयोगशाळेत स्थिर, गोड्या पाण्यात घेतलेली असते. लाटेचा मारा आणि मीठ त्यात धरलेले नसते, शिवाय आतली सील जुनी झाली किंवा एकदा पडदा बदलला की तो दर्जा तसाच राहतो असे नाही.

आता तुम्ही काय करावे, ते सांगते. फोन चालू आहे तोवर आजच फोटो, संपर्क आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. त्यानंतर तो बंद करून दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि ‘बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा’ असे स्पष्ट सांगा. नुसती चार्जिंगची पट्टी बदलून घेतली, तर मुख्य बोर्डावरचा कळंक पसरतच राहील. मागचे झाकण किंचितही फुगलेले दिसले, तर चार्जिंगला लावणे पूर्णपणे थांबवा, कारण फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

पुन्हा असे घडलेच तर क्रम असा ठेवा. फोन बाहेर काढताक्षणी बंद करा, आणि ‘चालतोय का’ हे पाहण्यासाठी तो मुळीच सुरू करू नका. सिम बाहेर काढून पुसा. सिमला पाण्याने सहसा काही होत नाही, ते दुसऱ्या फोनमध्ये घातले की बँकेचे संदेश येऊ लागतात. पाणीरोधक फोन असेल तर बाटलीतल्या गोड्या पाण्याने बाहेरून हलक्या धारेने धुवा, चार्जिंगचे तोंड खाली धरून तळहातावर अलगद आपटा, आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नका, त्याच्या गरम झोताने सील सैल होते आणि पाणी आणखी आत जाते. साधा फोन असेल तर धुण्याचे काम त्याच दिवशी दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवा. पावसाच्या किंवा नळाच्या पाण्यात भिजलेल्या फोनला इतकी घाई नसते. तो बंद ठेवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात एक-दोन दिवस ठेवला, तर बऱ्याचदा वाचतो.

प्रश्न : कुत्र्याला अंघोळ घालायला गुडघाभर पाण्यात उतरलो, खिशात गाडीची रिमोटची किल्ली होती. बटण दाबले तर काहीच होईना. संध्याकाळ होत आली होती, शेवटी दुसरी किल्ली घेऊन भाऊ साठ किलोमीटरवरून आला. तिथल्या तिथे काही करता आले असते का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा करता आले असते. बहुतेक रिमोटच्या आत धातूची लहान किल्ली लपवलेली असते, ती खटका दाबून बाहेर येते आणि तिने चालकाचे दार उघडते. बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर ब्रेक दाबून रिमोट थेट त्या बटणाला टेकवून धरावा. गाडीला ओळख पटवणारी आतली चिप सेलशिवायही काम करते, त्यामुळे अनेक गाड्या अशा सुरू होतात. तुमच्या गाडीत रिमोट नेमका कुठे टेकवायचा, हे पुस्तिकेत लिहिलेले असते, ते आजच पाहून ठेवा. भिजलेला रिमोट उघडून नाण्यासारखा सेल काढा, आतली पट्टी अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकल्यावर नवा सेल घाला. पुढच्या वेळी पाण्यात उतरण्याआधी किल्ली कोरड्यावर थांबलेल्या माणसाच्या हाती द्या, गाडीत मात्र ठेवू नका.